बोरदऱ्याची घंटा आणि हिवरगढीचे बबनअण्णा

हिवरगढीच्या बबनअण्णांनी मला फसवलं, आणि माझ्या हातून सगळ्या बोरदऱ्याला फसवलं. हे पहिल्याच ओळीत लिहून टाकतो. दिवाळी अंकाच्या संपादकांनी 'धंद्यातले गमतीशीर अनुभव लिहा' असा निरोप धाडला आहे आणि गमतीच्या नादात मुद्दा राहून जायला नको. गमती सांगतो, त्या भरपूर आहेत. पण तक्रार आधी.

नगर-मनमाड रस्त्याला माझं गोदाम आहे. जुन्या रेल्वे स्टेशनांचं सामान घेतो आणि विकतो. लोक मला भंगारवाला म्हणतात आणि त्यावरून माझी बरीच भांडणं झाली आहेत. एकदा तर बँकेतल्या साहेबाशी झालं, कर्ज मागायला गेलो असताना. मी त्यांना सांगितलं, "साहेब, भंगारवाला वजनावर विकतो. मी नगावर विकतो." फरक एवढाच आहे, पण माझं घर त्या फरकावर उभं आहे. कर्ज मिळालं नाही, ते बरंच झालं. आजपर्यंत कुणाचं देणं नाही.

लाइन दुहेरी व्हायला लागली तशी आडगावांतली जुनी स्टेशनं एकेक करून पडायला लागली. दगडी इमारत पाडायची, थोडी पुढं नवीन बांधायची, किंवा थांबाच रद्द करायचा. पडलेल्या स्टेशनात काय काय असतं! सागवानी दारं, बिडाच्या पायांची बाकं, कंदील, लाकडी स्लीपर, तिकीट खिडकीची जाळी. हे सगळं ढीग करून लिलावात निघतं. ढीग घ्यायचा तर अख्खा घ्यायचा, निवडायला मिळत नाही. आता बोली मोबाईलवर लागते, पण माल आधी जाऊन बघावा लागतो आणि खरी परीक्षा तिथंच. ढिगात कामाची वस्तू एखादीच असते, आणि तिच्याकडं बघायचं नाही. मोडक्या लोखंडी खुर्चीभोवती तीन चकरा मारायच्या, तिला टिचक्या मारायच्या, मान हलवायची. शेजारी उभे असलेले इतर व्यापारी तुमच्या नजरेचा माग काढत असतात. माझ्या अशा चकरांमुळं मालेगावच्या एका व्यापाऱ्यानं मोडक्या खुर्च्यांचा अख्खा ढीग घेतला होता. अजून त्याच्याकडं पडून आहेत म्हणे.

गिऱ्हाईकांचं विचाराल तर माणसांचा एवढा विचित्र बाजार मी दुसरीकडं पाहिला नाही. पुण्याच्या एक बाई आल्या. त्यांना त्यांच्या हॉटेलासाठी गंजलेलं बाक हवं होतं. मी सांगितलं, घासून, रंगवून देतो. तर म्हणाल्या, "नको, नको! गंज तसाच ठेवा, तो छान आहे." मी ताबडतोब भाव वाढवला. म्हटलं, "बाई, एवढा गंज चढायला साठ पावसाळे लागलेत. रंग मी एका दिवसात दिला असता." त्यांना पटलं. पुढच्या आठवड्यात मी दोन नवी बाकं पाणी मारून उन्हात ठेवली. तो प्रयोग फसला. नुसताच चिखल दिसत होता.

दुसरं गिऱ्हाईक शनिशिंगणापूरचं. तिथल्या घरांना दारं नसतात हे सगळ्यांना माहीत आहे. तर हा गडी वेटिंग रूमच्या सागवानी दारापुढं उभा राहून भाव विचारायला लागला. मला वाटलं, माझी चेष्टा करतोय. रागानं म्हणालो, "तुमच्यात दार चालत न्हाई ना?"

तो शांतपणे म्हणाला, "उभं चालत न्हाई शेठ. आडवं चालतं. जेवायचं टेबल करायचंय."

त्याला मी पहिल्या भावात दार दिलं. इतकं चांगलं उत्तर ऐकल्यावर घासाघीस करायला जीभ वळली नाही. असं माझ्या बाबतीत क्वचित होतं.

आणि तिसरे श्रीरामपूरचे एक मास्तर. चर्चमध्ये गाणाऱ्या मुलांना शिकवायचे. शाळेसाठी घंटा हवी होती. आता, छोट्या स्टेशनाची घंटा म्हणजे पितळी घंटा नव्हे. हातभर रुळाचा तुकडा, तारेनं टांगलेला, आणि वाजवायला लोखंडी दांडी. मास्तर चक्क पेटी घेऊन आले. गोदामात खोक्यावर पेटी ठेवली, एक सूर धरून ठेवला, आणि एकेक तुकडा वाजवत हिंडले. "हा बेसूर. हा बसका. याला सर्दी झालीय." दुपार गेली. शेवटी कोपऱ्यात टांगलेल्या एका तुकड्यावर दांडी मारली आणि पेटीवरचा हातच उचलला.

"हीच," म्हणाले.

"ती विकायची न्हाई."

"का?"

"ती आमच्या गावची हाय."

मास्तरांनी पुन्हा विचारलं नाही. दुसरा तुकडा घेऊन गेले. ती घंटा म्हणजेच या लेखाचं कारण.

माझं गाव बोरदरा. गावाच्या शिवेवर, शेवटच्या घरापासून हाक मारली तर ऐकू जाईल एवढ्या अंतरावर स्टेशन होतं. त्याचं नाव मात्र 'हिवरगढी रोड'. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो, स्टेशनाच्या नावापुढं 'रोड' लागला की समजावं, ते गाव इथं नाही. हिवरगढी तिथून पाच मैलांवर. पण तिथं गढी आहे, चार बुरूज आहेत, जुने सरदार होते. स्टेशन बांधणाऱ्या साहेबानं विचारलं असेल, इकडं मोठं गाव कोणतं? कुणीतरी गढीकडं बोट दाखवलं असेल. जमीन बोरदऱ्याची गेली, दगड आमच्या खाणीतला, गवंडी आमचे, आणि पाटी लागली पाच मैलांवरच्या गावाची.

याचा आम्ही पुरेपूर फायदा घेतला हेही खरं. परगावची माणसं उतरायची, इकडंतिकडं बघायची आणि विचारायची, "गढी कुठाय?"

"हितनं दिसत न्हाई. बसा गाडीत."

मी तेव्हा फलाटावर शेंगा विकायचो. बैलगाडीवाल्यांशी माझं ठरलेलं होतं. मी गिऱ्हाईक आणायचं, त्यांनी मला त्यातलं काही द्यायचं. उन्हाळ्यात गढी लांब असायची, पावसाळ्यात आणखी लांब. घासाघीस मी तिथं शिकलो, आणि पुढं घोडेगावच्या जनावरांच्या बाजारात तिला धार लावली.

स्टेशनाच्या विहिरीचं पाणी मचूळ होतं. प्यायचं पाणी आमच्या गावातून जायचं. माझी चंद्रभागाआत्या ते भरायची. डोक्यावर दोन हंडे, काखेत कळशी, आणि फलाटावरचे रांजण भरून ठेवायची. पॅसेंजर थांबली की लोक खिडकीतून तांबे पुढं करायचे आणि आत्या ओतायची. कुणी विचारलं, "बाई, हे कुठलं गाव?" तर पाटीकडं पाठ करून सांगायची, "बोरदरा." मी स्वतः ऐकलं आहे.

आणि घंटा. तिच्यावर आमचं गाव चालायचं. सकाळची वाजली की धारा काढायच्या, दुपारची वाजली की शेतावर भाकरी न्यायची. वारा पूर्वेचा असला तर पार डोंगराच्या पायथ्यापर्यंत जायची. हिवरगढीत ती एकदाही ऐकू गेलेली नाही. वारा कुठलाही असो.

स्टेशन पाडलं तेव्हा थांबाही गेला. आता तिथून गाड्या शिट्टी न वाजवता जातात. लिलावाआधी माल बघायला मी गेलो. तीस वर्षांचा माझा नियम त्या दिवशी मोडला. मी सरळ घंटेपाशी गेलो आणि तिच्यावर हात ठेवला. मालेगाववाला लांबून बघत होता. त्यानं बोली अशी काही चढवली की मला मोबाईल आपटावासा वाटला. पण ढीग मीच घेतला. घरात कुणाला भाव सांगितला नाही आणि इथंही सांगणार नाही.

मग दोन वर्षांपूर्वी केतकीताई आल्या. नगरच्या एका कॉलेजात इतिहास शिकवतात. शहरातल्या काही हौशी लोकांनी मंडळ काढून जिल्ह्याच्या इतिहासाचं एक दालन उभं करायचं ठरवलं होतं. किल्ल्याचा, पेठांचा इतिहास सगळे सांगतात, यांना खेड्यांतल्या स्टेशनांचाही एक कोपरा हवा होता. बाई मोठी लाघवी. घंटेपुढं उभ्या राहिल्या, मी सांगत गेलो आणि त्या डोळे मोठे करून ऐकत गेल्या. मी विरघळलो. म्हटलं, देतो. गावाचं नाव कुठल्याच पाटीवर कधी लागलं नाही, आता स्टेशनही नाही. इथं तरी लागेल.

त्यांच्याबरोबर बबनअण्णा होते. हिवरगढीचे माजी सरपंच, आणि घोडेगावच्या बाजारातले नावाजलेले दलाल. मंडळाला खेड्यापाड्यांतल्या जुन्या वस्तू शोधून द्यायचं काम हौसेनं करत होते. मी आणि अण्णा तीस वर्षं एकमेकांना ओळखतो. ओळखतो म्हणजे एकमेकांवर नजर ठेवून आहोत.

भावाचं बोलणं निघालं तसे अण्णा म्हणाले, "शेठ, ताईंसमोर तोंडानं आकडा काढायचा का? बरं दिसत न्हाई. हात द्या."

जनावरांच्या बाजाराची रीत वाचकांना सांगायला हवी. तिथं भाव बोलत नाहीत. दलाल हातावर रुमाल टाकतो, त्याच्याखाली विकणाऱ्याचा हात धरतो आणि बोटं दाबून आकडा कळवतो. एक बोट धरलं तर एक, अख्खा पंजा धरला तर पाच. मग तसाच जाऊन घेणाऱ्याचा हात धरतो. चार लोक भोवती उभे असले तरी कुणाला काही कळत नाही. आणि रुमालाखाली जे ठरलं तेच खरं. आधी काय बोललात, नंतर काय बोललात, त्याला बाजारात किंमत नाही.

केतकीताई एकदम खुलल्या. "अजून करतात असं? मला बघायचंय! फोटो काढू?"

आता फोटो म्हटल्यावर मी मागं कसा हटणार? छाती काढून उभा राहिलो. अण्णांनी उपरणं टाकलं. हात आत घालण्याआधी मी अण्णांच्या कानाशी लागलो. "आकडा पडता घेतो. पण पाटीवर बोरदरा पायजे."

"ते काय सांगायला पायजे व्हय?" अण्णा म्हणाले.

झालं. मी माझ्या जन्मात घेतला नव्हता इतका खालचा आकडा कबूल केला. मंडळ सेवाभावी, कशाला ताणायचं? अण्णा तिकडं गेले, ताईंचा हात उपरण्याखाली धरला, ताई हसल्या, फोटो निघाले. अण्णांनी पैसे माझ्या हातावर ठेवले, घंटा आणि दांडी टेम्पोत गेली.

दालनाच्या उद्घाटनाला मी चंद्रभागाआत्याला घेऊन गेलो. आत्याचं वय तिलाही ठाऊक नाही, पण काठी टेकत तुरुतुरु चालते आणि कान शाबूत आहेत. नवं इरकल लुगडं नेसली होती. वाटेत दोनदा विचारलं, "आपलं नाव मोठ्या अक्षरात हाय ना?"

"मोठ्या."

दालन छान होतं. काचेत ठेवलेली तिकिटं, हिरवा-लाल कंदील, आणि मध्यभागी आमची घंटा, पिवळ्या उजेडात. खाली पाटी. मी वाचली. पुन्हा वाचली. 'हिवरगढी येथील रेल्वे स्थानकाची घंटा. हिवरगढी ग्रामस्थांकडून भेट.' त्यांनी 'रोड'सुद्धा ठेवला नव्हता.

"काय लिवलंय रं भान्या?" आत्यानं विचारलं.

मी पाटी तिसऱ्यांदा वाचायला लागलो. ती माझ्या तोंडाकडं बघत राहिली.

"न्हाई व्हय?"

तेवढ्यात माईकवरून नाव पुकारलं आणि बबनअण्णा स्टेजवर गेले. हिवरगढी ग्रामस्थांच्या वतीनं शाल आणि नारळ. सगळे टाळ्या वाजवत होते. माझेही दोन हात एकमेकांवर आपटले, सवयीनं. मग माझं डोकं फिरलं. मी केतकीताईंना कोपऱ्यात गाठलं आणि जे बोललो ते छापण्यासारखं नाही. त्या बिचाऱ्या गोंधळून गेल्या.

"भानुदासशेठ, पण पैसे हिवरगढीच्या लोकांनीच दिले. अण्णांनी गावात वर्गणी काढली. मला वाटलं, तुम्हाला माहीत असेल!"

तेव्हा मला उलगडा झाला. उपरण्याखाली माझा हात अण्णांच्या हातात होता. मला वाटलं पलीकडं मंडळ आहे. पलीकडं हिवरगढी होती! ताईंचा हात नुसता फोटोपुरता. मी ज्या गावाला जन्मात एक बाकसुद्धा स्वस्तात दिलं नसतं, त्या गावाला आमची घंटा माझ्या हातानं, हसत, पडत्या भावात देऊन बसलो होतो.

आमचा आवाज चढलेला असताना मागून खणखणाट झाला. सगळे वळले. आत्यानं दोरी ओलांडून दांडी उचलली होती आणि घंटा वाजवत होती. शेजारी 'हात लावू नये' असं लिहिलं होतं, पण आत्याला वाचता येत नाही. पहारेकरी धावत आला.

"आजी, आजी! वाजवायची न्हाई ती!"

"मंग टांगली कशाला?" आत्या म्हणाली, आणखी दोन ठोके दिले, दांडी त्याच्या हातात ठेवली आणि मला म्हणाली, "चल. गाडी आली."

दालनात एवढा हशा झाला की प्रमुख पाहुण्यांचं भाषण तिथंच थांबलं. परत येताना जीपमध्ये तिनं आधी इरकलाचा पदर सारखा केला. मग म्हणाली, "तू इकलीच कशाला?" मी म्हटलं, "धंदा हाय माझा." आवाज जरा जास्तच चढला. पुढं आम्ही रसवंतीवर थांबलो. तिनं दोन ग्लास घेतले आणि पहारेकऱ्याची नक्कल करून पोट धरून हसली. मला हसू आलं नाही असं नाही.

बाजारच्या दिवशी मी घोडेगावला जाऊन अण्णांना गाठलं. म्हशींच्या रांगेत उभे होते, उपरणं खांद्यावर.

"अण्णा, मी कानात काय सांगितलं हुतं?"

"सांगितलं हुतं. न्हाई कुठं म्हनतो? पर ते रुमालाच्या आधी. तुमी काय आज बाजारात आलाय का शेठ? रुमालात आकडा चालतो, गाव चालत न्हाई."

भोवतीचे दलाल माना डोलवायला लागले. रीतीनं त्यांचं बरोबर होतं, हे मला जास्त झोंबलं.

"आन मी खोटं काय सांगितलं?" अण्णा म्हणाले. "स्टेशनच्या पाटीवर काय हुतं? हिवरगढीच ना?"

"पाटीवर हुतं. तुमच्या गावात एकदा तरी ती घंटा ऐकू आली का?"

"आता येईल. पोरं तिचा आवाज मोबाईलवर भरून घेऊन आलीत." म्हशीवालेसुद्धा हसले.

"शाल तेवढी परत करा."

"ती बायकोनं पांघरली. तिच्याकडनं घेऊन दाखवा, घंटा फुकट देतो."

हे वाक्य ऐकून मीसुद्धा हसलो. वहिनींना मी ओळखतो. पण हसलो म्हणून सोडलं असं नाही.

केतकीताईंकडं पुन्हा गेलो. या वेळी आवाज खाली ठेवून. त्यांनी सरळ सांगितलं: वस्तू हिवरगढीच्या लोकांनी भेट दिली, त्यांच्या वतीनं अण्णांनी माहिती दिली. देणाऱ्यांच्या संमतीशिवाय पाटीला हात लावता येत नाही. पण अण्णांनी एकदा नुसतं तोंडानं सांगितलं, की स्टेशन बोरदऱ्यात होतं, तर त्या दुसऱ्या दिवशी पाटी बदलतील. कागद नको, सही नको. त्यानंतर मी अण्णांना चार वेळा फोन केला. प्रत्येक वेळी ते म्हशीच्या सौद्यात असतात.

म्हणून आता या अंकात, जिल्हाभरच्या वाचकांसमोर, मी माझी शेवटची बोली लावतो. बबनअण्णा, भेट तुमच्या गावाची राहू द्या. पैसे तुम्ही मोजलेत. शाल वहिनींना लखलाभ. भाव पडता घेतला तो माझा मी सोसला. हे सगळं मी सोडलं, आणि मी काही सोडतो असं माझ्याबद्दल आजवर कुणी ऐकलेलं नाही. पण ज्या जमिनीवर ते स्टेशन उभं होतं, ज्या गावचं पाणी तिथं लोक प्याले, त्या गावाचं नाव तुम्ही कुणाला विचारून पुसलंत? चंद्रभागाआत्या अजून चालते आहे, तिला नवी पाटी वाचून दाखवायला मी जीप काढून तयार आहे. तुम्हाला एकच वाक्य बोलायचं आहे. बोला अण्णा. चारचौघांत बोला, मोठ्यानं बोला, आणि बोलताना दोन्ही हात उघडे ठेवा.